चिकनच्या दुकानात आधी पिंजरा बघा, मग भाव विचारा

ज्या दुकानात पक्ष्याचे हाल होतात, तिथलं मांसही बहुधा धड नसतं. दोन्हींची सुरुवात खच्चून भरलेल्या पिंजऱ्यात होते. म्हणून काउंटरवर जाण्याआधी 2 मिनिटं पिंजऱ्यासमोर थांबा.

ब्रॉयलर 5-6 आठवड्यांत 2 किलोंच्या आसपास भरतो. छाती जड, पाय कमकुवत. गर्दीत खाली बसला की त्याला उठता येत नाही, पाण्यापर्यंत पोचता येत नाही. प्रत्येक पक्ष्याला उभं राहून वळता येईल एवढी जागा हवी. पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. पिंजऱ्यावर पिंजरा रचलेला असेल तर मधे ट्रे आहे का ते पाहा. नसेल तर वरच्यांची विष्ठा खालच्यांच्या पिसांवर पडते आणि साल्मोनेलासारखे जंतू सोलताना मांसाला लागतात.

कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः धापा टाकून अंग थंड ठेवते. मुंबईच्या मे महिन्यातल्या दमट हवेत तेवढं पुरत नाही. सगळे पक्षी चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून बसले असतील तर तिथेच सांगा, "दादा, पाणी भरा, पंखा लावा, नाहीतर माल मरेल." नुकसानीचं बोलणं लवकर ऐकलं जातं, आणि पक्ष्याला पाणी आत्ता हवं असतं. तुरा निळसर, तोंड सुजलेलं, विष्ठा हिरवी-पातळ किंवा पिंजऱ्यात मेलेले पक्षी दिसले तर काही घेऊ नका, कशालाही हात लावू नका. मुंबई महापालिकेच्या 1916 वर कळवा.

सर्वांत जास्त क्रूरता कापताना होते. पक्ष्याला एका पायाने ओढून काढलं की सांधा निखळतो. पंख अंगाशी दाबून दोन्ही हातांनी उचलायला सांगा. सुरी धारदार हवी, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एकाच वारात कापल्या गेल्या पाहिजेत. त्यानंतर पक्षी नरसाळ्यासारख्या शंकूत उलटा ठेवून किमान 2 मिनिटं रक्त निथळू द्यावं लागतं. अनेक दुकानांत घाईने अर्धवट कापलेला पक्षी थेट ड्रममध्ये टाकतात. तो आत फडफडत राहतो, पंख मोडतात, रक्त नीट निघत नाही. अशा मांसावर काळे-निळे डाग दिसतात, पंखांची टोकं लाल राहतात आणि ते लवकर नासतं. 2001 च्या कत्तलखाना नियमांनुसार एका जनावराला दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत कापता येत नाही. पिंजरा आणि कापायचा ठोकळा यांच्यामध्ये साधा आडोसा घालायला खर्च येत नाही, तो मागा.

आधीच सोललेलं चिकन उघड्यावर टांगलेलं असेल तर नको. ते 4 अंशांखाली असायला हवं. बाहेर 32 अंशांच्या वर गेलं की तासाभराच्या आत घरच्या फ्रिजमध्ये पोचवा. लोकलने लांब जायचं असेल तर बर्फाची पिशवी न्या. सिंकमध्ये धुऊ नका, शिंतोडे कोथिंबिरीपर्यंत उडतात. हळद-मीठ चोळून जंतू मरतात यावर विसंबू नका. शिजताना सर्वांत जाड तुकडा आतून 74 अंशांपर्यंत तापला पाहिजे.

तक्रार करायची तर भिंतीवरचा 14 आकडी अन्न परवाना क्रमांक, पत्ता, तारीख, वेळ लिहून घ्या आणि रस्त्यावरूनच पिंजऱ्याचा फोटो काढा. कापणाऱ्या पोऱ्याच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका, पिंजरे किती भरायचे हे मालक ठरवतो. अस्वच्छतेची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 वर, क्रूरतेची जवळच्या पोलीस ठाण्यात, कलम 11 चा उल्लेख करून लेखी. त्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त 10 ते 50 रुपये आहे, ही शरमेची गोष्ट आहे. म्हणून दोन्ही तक्रारी एकाच दिवशी करा. परवाना जाण्याची भीती मालकाला जास्त लागते. तक्रार क्रमांक मागून घ्या आणि आठवड्याने तो सांगून पुन्हा विचारा.