इंग्रजी वाचून कळतं, पण बोलताना शब्द सापडत नाहीत? या चुका टाळा

मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेकांना इंग्रजी बातमी नीट समजते, पण मुलाखतीत साधं वाक्य अडतं. मग ते आणखी शब्द पाठ करायला घेतात, तेही अग्रलेखातले जडजड. माझ्या मते हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. इंग्रजी शिकवण्याचे तज्ज्ञ मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या नेहमीच्या इंग्रजी शब्दांच्या यादीत सुमारे २००० मूळ शब्द होते आणि रोजच्या व्यवहाराचा मोठा भाग तेवढ्यात भागतो. हे वेस्ट ब्रिटिश काळात ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होते, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांची अडचण त्यांनी जवळून पाहिली होती. यातले बरेचसे शब्द तुम्हाला ओळखू येतात. ते तोंडात बसवायचे आहेत.

दुसरी चूक वहीतली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, आणि आपण झाकतो ती उजवी बाजू. यात फक्त शब्द ओळखण्याचा सराव होतो. बोलताना मनात अर्थ आधी असतो, शब्द शोधावा लागतो. म्हणून इंग्रजी बाजू झाका आणि मराठी पाहून अख्खं वाक्य मोठ्याने बोला. अडलात तरी लगेच उत्तर बघू नका, थोडं आठवू द्या. शब्द पक्का होतो तो या धडपडीतच. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं. तेव्हा उजळणी त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी आणि पुढे आठवड्याने करा. रविवारी एका बैठकीत पन्नास शब्द घोकणं वाया जातं.

सुटा शब्द पाठ करणं हीसुद्धा मोठी चूक. आपण एखाद्या गोष्टी'बद्दल' चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस'ला 'अबाउट' जोडतो. हवं असतं नुसतं 'डिस्कस द प्रॉब्लेम'. लग्न कुणा'शी' होतं, म्हणून 'मॅरिड विथ' म्हणतो. बरोबर आहे 'मॅरिड टू'. जोराचा पाऊस 'हेवी रेन' असतो, 'स्ट्राँग रेन' नव्हे. वहीत ही जोडीच लिहा, जमल्यास स्वतःच्या घरातल्या किंवा कामातल्या वाक्यासह.

'बॉरो' आणि 'लेंड' एकाच दिवशी शिकू नका. एक उसनं घेणं, दुसरं देणं; सोबत पाठ केले की सहज एकमेकांत मिसळतात. एक पक्का झाल्यावरच दुसऱ्याकडे वळा.

आणि बोलता बोलता शब्द आठवलाच नाही तर गप्प बसू नका, वळसा घाला. दुकानात 'रिफंड' सुचला नाही तर 'आय वाँट माय मनी बॅक' म्हणा, काम होतं. घरी आल्यावर अडलेला शब्द त्या वाक्यासकट वहीत चढवा.