एकतिसावा उंदीर: शूटिंगआधीची तयारी

कमी पैशांत विनोदी भयपट करायचा, तर तयारीच्या यादीत पहिली नोंद राक्षसाची नको, सबबींची हवी. आपला हिरो महापालिकेच्या कीटकनाशक खात्यातला रात्रपाळीचा मूषक संहारक. हातात काठी, दुसऱ्या हातात टॉर्च, खांद्याला पिशवी आणि रात्रीला 30 उंदरांचं टार्गेट. ही नोकरी मुंबईत खरंच आहे, टार्गेटही खरं आहे. विनोदासाठी याहून वेगळं काही शोधायची गरज नाही. तीस झाले की त्याला घरी जायचंय. एकतिसावा निघतो तो उंदीर नसतो, एवढीच आपली गोष्ट. तेव्हा हा माणूस ‘नाही’ कसकसं म्हणतो ते आधी कागदावर उतरवा. हे आमच्या खात्यात येत नाही, घनकचऱ्याकडे जा. नाल्याच्या पलीकडे दुसरा वॉर्ड लागतो. लेखी तक्रार द्या, सोबत झेरॉक्स. काठीला तडा गेलाय, नवी मागितलीय, मंजुरी यायचीय. उद्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध आहे.

प्रत्येक सबब त्याच्या आयुष्यात खरी असली पाहिजे. नुसता भित्रा हिरो एकदा हसवतो, मग लोक मोबाइल काढतात. पण ज्याच्याकडे न लढण्याचं पटणारं कारण आहे, त्याची कारणं एकेक करून गळून पडताना बघायला मजा येते. आणि निर्मात्याच्या दृष्टीनं बघा: सबबीचा सीन म्हणजे एक खोली, दोन नट, एक ट्यूबलाइट. राक्षस नाही, मेकअप नाही, व्हीएफएक्स नाही. टाळाटाळ ही या सिनेमातली सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत विनोदी गोष्ट आहे. म्हणून ब्रेकडाउन शीटमध्ये, म्हणजे कुठल्या सीनला काय लागतं त्या तक्त्यात, ‘राक्षस दिसतो का?’ असा एक जादा रकाना आखा. त्यात ‘हो’ हाताच्या बोटांपेक्षा जास्त झाले, तर पैसे शोधत फिरण्याआधी पुन्हा लिहायला बसा.

त्याला मांत्रिक मात्र करू नका. लिंबू-मिरची, कवट्या, ‘ओम फट्’ हे सगळं इतकं वापरून झालंय की आता त्याला ना कुणी घाबरत ना हसत. शिवाय 2013 सालापासून जादूटोणाविरोधी कायदा असलेल्या राज्यात बाबाला खराखुरा चमत्कार करू देणं माझ्या तरी हातून होणार नाही. बाबा हवाच असेल तर तो हिरोच्याही आधी पळून गेलेला दाखवा.

आता राक्षस. भुतांच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत, पण प्रत्येकाचा खर्च वेगळा. मुंज्या घेतला तर लहान मुलगा लागतो, आणि लहान मूल आलं की बालकामगार कायद्याखालचे 2017 चे नियम आले: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मिळकतीतला किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत. नियम योग्यच आहेत, पण आपलं सगळं शूटिंग रात्रीचं. गिऱ्हा पाण्यात राहतो, म्हणजे रात्री पाण्यात कॅमेरा, विषय संपला. वाट चुकवणारा चकवा सगळ्यांत स्वस्त, त्याला अंगच नाही. पण मग काठी मारायची कुणाला? आपल्या हिरोला शोभेल अशी एकच: घूस. मुंबईच्या मांडवीत 1896 साली प्लेग आला तेव्हाची. शास्त्रज्ञ हाफकिनांनी 1897 च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, 1898 साली शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दाट वस्तीतली घरं पाडून रस्ते काढू लागला, त्यात हिचंही बीळ गेलं. आता रीडेव्हलपमेंटसाठी चाळीचा पाया खणताना ती पुन्हा वर येते. तिलाही ट्रान्झिट कॅम्प, म्हणजे तात्पुरतं घर, मिळालेला नाही, एवढं एक वाक्य हिरोच्या तोंडी असलं की तिच्याशी लढायला तो आणखीच नाखूश होईल.

अख्खी घूस बनवू नका. शेपूट, एक पंजा, डोळ्यांची जोडी आणि दात असे तुकडे बनवा. पूर्ण सोंग शेवटच्या मारामारीपुरतं, तेही कमरेच्या वर. कामासाठी लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांत चौकशी करा. माती, फायबर, फोम, रंग यांतलं त्यांना जितकं कळतं तितकं महागड्या स्टुडिओतही क्वचित मिळतं. मात्र गणेशोत्सवाच्या आधी तिथे पाऊल टाकू नका, कुणी मान वर करून बघणार नाही. विसर्जन झालं की जा. फोमच्या सोंगात शिरणारा माणूस मुंबईच्या दमटपणात दहा-पंधरा मिनिटांतच गळून जातो, त्यामुळे पाठीला चेन, सहज निघणारं डोकं, टेबलफॅन, इलेक्ट्रॉल आणि त्याच्याकडेच लक्ष ठेवणारा एक माणूस, हे सगळं सोंगाच्या किमतीतच धरा. मेलेले 30 उंदीर आर्टवाल्यांकडून शिवून घ्या आणि पोटात तांदूळ किंवा वाळू भरायला सांगा. पिशवीला वजन नसलं तर नटाचा खांदा खोटं बोलतो. खरे उंदीर, खरी मांजर, काहीच नको. प्राणी आणला की ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची आगाऊ परवानगी लागते, आणि पुढे सेन्सॉरला तोच कागद दाखवावा लागतो.

लाइटचा हिशेब सोपा आहे, कारण हिरोच्या हातातच टॉर्च आहे. तोच की लाइट, म्हणजे सीनचा मुख्य दिवा. तो जिकडे वळवेल तिकडेच प्रेक्षक बघणार, आणि न दिसणाऱ्या भागाला भाडं लागत नाही. एकाच मॉडेलचे तीन टॉर्च घ्या आणि सेलचा बॉक्स घ्या. सेल उतरले की प्रकाश पिवळा पडतो आणि एडिटमध्ये दोन शॉट जुळत नाहीत. सोनीच्या एफएक्स3 सारखा कॅमेरा भाड्यानं मिळाला तर त्याचा 12,800 हा दुसरा बेस आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही चित्र स्वच्छ ठेवणारं सेटिंग, अशा अंधारासाठीच आहे. चाळीच्या जिन्यातल्या ट्यूबलाइटची टेस्ट मात्र आधी घ्या. आपली वीज 50 हर्ट्झची. सेकंदाला 24 फ्रेमवर शटर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो ते) नेहमीच्या 180 अंशांवर ठेवलात तर घूस येण्याआधीच ट्यूब लुकलुकायला लागेल. 172.8 अंश ठेवा, म्हणजे शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर येतो आणि लुकलुक थांबते.

धुक्यासाठी वेगळी सबब शोधायला नको. डासांसाठी धूर फवारणारे लोकही हिरोच्याच खात्यातले, तेव्हा गल्लीत धूर आला की प्रेक्षकाला आधी डेंग्यूची मोहीम वाटेल, भीती नंतर. शूटिंगला खरा फवारणीचा धूर वापरू नका, ग्लायकॉलचं फॉग मशीन आणा. चाळीत आदल्या संध्याकाळी प्रत्येक मजल्यावर सांगून या, नाहीतर कुणीतरी अग्निशमन दलाला फोन करेल आणि त्यांची चूक नसेल. दम्याचं कुणी राहतं का, हेही त्याच फेरीत विचारून घ्या.

आवाजाला सगळ्यांत जास्त वेळ द्या. भुताच्या सिनेमात चित्र थोडं कच्चं चालतं, कच्चा आवाज चालत नाही. मुंबईत रात्र शांत होते ती शेवटची लोकल गेल्यानंतर पहिली सुटेपर्यंत, तेवढीच. महत्त्वाचे संवाद त्या पट्ट्यात लावा. जेवणं, मेकअप, टॉर्चचे मुके शॉट आधी उरकून घ्या. किंकाळ्या लोकेशनवर नकोतच. रात्री दहा ते सकाळी सहा हे नियम लाउडस्पीकरसाठी आहेत म्हणून गळ्याला मोकळीक आहे असं समजणाऱ्या दिग्दर्शकाला दुसऱ्या मजल्यावरच्या आजी समजावतील. किंकाळी डबिंगला घ्या, तिथं ती हव्या तितक्या वेळा मारता येते. घुशीच्या आवाजासाठी ओला फुगा, जुनी चप्पल, फरशीवर ओढलेली पत्र्याची ट्रंक घेऊन एक दुपार रेकॉर्डिस्टसोबत बसा. ट्रंकेचा आवाज अर्ध्या वेगानं वाजवून बघा, मग घूस किती मोठी आहे ते तुम्हालाच कळेल. आणि प्रत्येक लोकेशनचा मिनिटभर नुसता रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा तिथला आवाज. हा शॉट लिस्टमध्ये लिहिलेला नसेल तर तो कुणीच घेत नाही.

परवानग्यांबद्दल थोडक्यात. सार्वजनिक रस्ता, पूल, बाग हवी असेल तर चित्रनगरीच्या एक खिडकी योजनेतून अर्ज करा. खासगी चाळीत मालकाचं आणि रहिवासी मंडळाचं पत्र घ्या, स्थानिक पोलीस चौकीला कळवा आणि सगळ्याच्या झेरॉक्स प्रॉडक्शनच्या पिशवीत ठेवा. लोकल दाखवायची हौस सोडा. रेल्वेची परवानगी मिळते, पण तिचं भाडं आपल्या बजेटला झेपणार नाही. लांबून येणारा हॉर्न पुरेल. महापालिकेचं बोधचिन्ह वापरू नका, खात्याचं नाव आणि शिक्का काल्पनिक करा. मराठी चित्रपट महामंडळाकडे नावाची नोंदणीही आत्ताच करा, पोस्टर छापल्यावर नाही.

रक्त घरीच करा. क्रॉफर्ड मार्केटमध्ये केकचं सामान मिळतं तिथून लिक्विड ग्लुकोज आणि खाण्याचा लाल रंग आणा. निळ्याचा एखादा थेंब आणि चिमूटभर कोको घातला की सरबताचा लाल जाऊन रक्ताचा येतो. गोड असल्यानं मुंग्या लागतात, तेव्हा सीन संपताच फरशी गरम पाण्यानं पुसायची जबाबदारी कॉल शीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या कागदावर, नावानिशी लिहा. चाळ परत द्यायची आहे.

पावसाळ्यात शूट असेल तर गमबूट विनोदाचा भाग नाहीत, पूर्ण युनिटसाठी घ्या. उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि पायाला साधी चीर असली तरी पुरते. साचलेल्या पाण्यातून कुणी गेलंच तर डॉक्टरांना विचारून औषध त्याच दिवशी सुरू करा, ताप यायची वाट बघत बसू नका. प्रथमोपचार पेटीत बँडेजबरोबर त्या डॉक्टरांचा नंबर चिकटवा.

तालमी चाळीतच करा, हॉलमध्ये नको. जिना अरुंद असल्यामुळे हिरोला पळताना घुशीला ‘जरा सरका’ म्हणावं लागतं, हे हॉलमध्ये सुचत नाही. नट निवडताना हसवणारा शोधू नका. खरोखर कंटाळलेला, रात्रपाळीनं डोळे जड झालेला, पण काठी सवयीनं अचूक मारणारा माणूस शोधा. त्यानं एकदाही विनोद करतोय असं दाखवता कामा नये. घाबरायचं काम त्याच्या नव्या साहाय्यकाकडे द्या, म्हणजे एक कंटाळलेला, एक घाबरलेला अशी दोन मापं मिळतात.

हिरोचे खाकी शर्ट एकाच कापडाचे चार शिवून घ्या: एक कोरा, एक घामाचा, एक रक्ताचा, एक फाटलेला. कॉलरच्या आत मार्करनं सीन नंबर लिहा आणि रात्री धुवायला कुणाकडे जाणार ते आधी ठरवा, कारण ग्लुकोजचा लाल डाग वाळला की निघत नाही.