काळा कातळ पाहून होकार देऊ नये: अणुकचऱ्यासाठी ज्वालामुखीय खडकाची पारख

विहिरीचा पंप बंद करून तासाभराने आत उतरले, तर कातळाची काळी भिंत बहुतेक कोरडी असते आणि पाणी मात्र एका ठरावीक रेषेवरून चकाकत ओघळत असते. निपाणीकडच्या अशा एका विहिरीत विद्यार्थ्यांना ती रेषा दाखवत असताना काठावरून मालक म्हणाले, ‘‘सर, कातळ कोरडाच हाय, पाणी त्या गेरवावरनं येतंय.’’ लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेला तो हातभर तांबडा पट्टा, त्याच्या वरच्या थराच्या तळाशी असलेल्या भेगा आणि खालच्या थराच्या माथ्यावरचा पोकळ्यांचा खडक, म्हणजे आपल्याकडचा मांजऱ्या, या तिन्हींचा हिशेब घातल्याशिवाय ज्वालामुखीय खडकात किरणोत्सारी कचरा पुरता येईल की नाही, हे ठरवता येत नाही. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना, आणि जागेच्या पाहणीचा अहवाल हाती आल्यास तो नीट वाचावा असे वाटणाऱ्यांना, उपयोगी पडावे म्हणून ही पद्धत येथे मांडली आहे.

पहिले काम नकाशाचे. अशी साठवण सामान्यतः ३०० ते १,००० मीटर खोलीवर योजली जाते, त्यामुळे त्या खोलीवर एकाच जातीचा खडक वर, खाली आणि आजूबाजूला पुरेसा जाड हवा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा कातळ, सह्याद्रीत दोन किलोमीटरच्या आसपास जाड असला, तरी बेळगाव जिल्हा त्याच्या दक्षिण कडेवर येतो. निपाणीहून संकेश्वरमार्गे गोकाकला जाताना हा थर विरळ होत जातो आणि गोकाकच्या धबधब्यावर घटप्रभा ज्या कड्यावरून कोसळते, तो बेसॉल्टचा नसून कलादगी गटाच्या कितीतरी जुन्या वालुकाश्माचा आहे. आपल्या तालुक्यांची बाजू पहिल्याच पायरीवर लंगडी पडते ती अशी. मात्र खडक वाचायला शिकण्यासाठी याहून सोयीचा प्रदेश नाही, कारण इथे थरांचा शेवट डोळ्यांनी पाहता येतो.

त्यानंतर विंधन घेऊन खडकाचा गाभा काढतात. पेटीत ओळीने मांडलेल्या गाभ्याचे दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडे मोजून त्यांची एकूण लांबीशी टक्केवारी काढली जाते, आणि हा आकडा मोठा दिसला की अहवाल लिहिणारे खूश होतात. पण आधी पेटीतल्या लाकडी ठोकळ्यांकडे पाहावे. जिथे गाभा हाती आला नाही, तिथे हे ठोकळे ठेवतात. मऊ तांबडा थर किंवा कुजलेला मांजऱ्या विंधनाच्या पाण्यात धुऊन जातो आणि पेटीत कठीण तेवढे उरते. विद्यार्थिदशेत मी स्वतः असे ठोकळे वगळून एका गाभ्याला उत्तम ठरवले होते, त्याची लाज अजून वाटते.

खडकाची मजबुती आणि पाण्याची वाट या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. म्हणून विंधनाचा थोडा थोडा भाग रबरी बोळ्यांनी बंद करून तेवढ्यातच दाबाने पाणी सोडतात आणि किती मुरते ते मोजतात. पाण्याचे वयही तपासतात. ट्रिटियम या किरणोत्सारी हायड्रोजनचे अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, १२.३ वर्षे आणि कार्बन-१४ चे सुमारे ५,७३० वर्षे असल्यामुळे खोलवरच्या पाण्यात ट्रिटियम सापडले, तर ते पाणी अलीकडचेच असते. अमेरिकेत नेवाडातील, अणुकचरा पुरण्यासाठी तपासल्या जाणाऱ्या युका पर्वताच्या टफ खडकात, म्हणजे ज्वालामुखीय राखेच्या दगडात, सुमारे ३०० मीटर खोलीवर १९९०च्या दशकात क्लोरिन-३६ चे जादा प्रमाण आढळले. १९५०च्या दशकातील अणुचाचण्यांतून आलेले ते असेल, तर पाणी पन्नास वर्षांच्या आत तिथवर उतरले होते. पुढच्या मोजणीत हा निष्कर्ष सगळ्यांच्या हाती सारखा आला नाही, तरी कोरड्या वाळवंटी डोंगराविषयीचा भरवसा त्याने हलला.

मग प्रश्न उरतो रसायनाचा. युका पर्वतात साठवणीसाठी योजलेली जागा भूजलपातळीच्या वर होती. तिथे हवा पोचते आणि ऑक्सिजनमुळे युरेनियम व टेक्नेशियम अधिक सहज विरघळतात. उलट भूजलपातळीखालच्या बेसॉल्टमधील लोह ऑक्सिजन खाऊन टाकते. ही बेसॉल्टची मोठी जमेची बाजू. मांजऱ्याच्या पोकळ्यांत जे पांढरे-गुलाबी झिओलाइटचे स्फटिक मिळतात, त्या वर्गातील खनिजे धनभारित सीझियम आणि स्ट्रॉन्शियम धरून ठेवतात. अर्थात हा फायदा फुशारकीने सांगणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात: कचऱ्याच्या उष्णतेने झिओलाइटमधले पाणी उडाल्यावर काय होते, आणि ऋणभारित आयोडीनचे काय? आयोडीन-१२९ चे अर्धायुष्य सुमारे १.५७ कोटी वर्षे आहे आणि त्याला झिओलाइट अडवत नाही.

खडकातील ताणाकडे दुर्लक्ष करू नये. वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथेही अशी जागा तपासली जात होती; तिथल्या बेसॉल्टमध्ये आडवा दाब इतका होता की बाहेर काढलेला गाभा चकत्यांसारखा तुटत असे. १९८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने फक्त युका पर्वताचाच अभ्यास पुढे नेण्याचे ठरवले आणि हॅनफर्डचे काम थांबले. भूकंपाबाबत आपल्याला दूरचे उदाहरण नको: ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला बसलेला धक्का याच दख्खन बेसॉल्टच्या प्रदेशातला होता. नव्या उद्रेकाची भीती मात्र दख्खनमध्ये नगण्य आहे. युका पर्वताजवळचा सर्वांत तरुण ज्वालामुखी शंकू जेमतेम ८० हजार वर्षांचा असल्याने तिथे तो हिशेब करावा लागला.

शेवटी माणसांनी पाडलेल्या भोकांची मोजदाद करावी. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य २४,१०० वर्षे आहे, आणि आपल्याकडे पाऊस चुकला की आठवड्याभरात शिवारात बोअर मारायची गाडी उभी राहते. म्हणून जागेभोवतीच्या प्रत्येक बोअरची जागा, खोली आणि पाणी लागलेली पातळी वहीत उतरवावी. सरकारी नोंदीवर न थांबता बोअर मारणाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना विचारून ती भरावी. पाणी न लागल्याने सोडून दिलेली बोअर कोणीच नोंदवत नाही, आणि नुसता दगड झाकून ठेवलेली ती भोके सगळे थर छेदून खाली गेलेली असतात.