जुन्या गाडीचे फॉल्ट कोड कसे वाचावेत: स्क्रीन रिकामी असेल तर जास्त सावध व्हा

जुनी गाडी बघायला जाताना आता बरेच जण खिशात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर टाकून जातात. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड, म्हणजे फॉल्ट कोड, तो मोबाइलवर दाखवतो. छान आहे. पण पुढे काय होतं हे इतक्यांदा पाहिलंय की राहवत नाही. 'कोड सापडला नाही' असं दिसलं की लगेच सौदा पक्का, आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचा कोड दिसला की 'सेन्सर बदलून टाका'. हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. त्यातला पहिला जास्त घातक, म्हणून मी त्याच्यावरच जास्त लिहिणार आहे.

गाडी थंड असताना बघा. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत सुरू करू नका, आणि गेल्यावर बोनेटला हात लावून खात्री करा. थंड इंजिन सुरू होताना जे दोष दिसतात, ते गरम इंजिनात लपतात.

स्कॅनर लावण्याआधी नुसती चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर तो विझला पाहिजे. चावी फिरवूनही लागत नसेल, तर दिवा गेलाय किंवा कुणीतरी मुद्दाम बंद केलाय. स्कॅनर 'दिवा चालू' म्हणतोय आणि डॅशबोर्डवर अंधार, असं असेल तर तिथूनच परत फिरा.

स्कॅनरसाठीचं १६ पिनांचं सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्यांच्या आसपास असतं. स्कॅनर लावा, ॲप जोडा.

रिकामी स्क्रीन

कोड पुसायला एक बटण पुरतं. बॅटरीची तार काही वेळ काढून ठेवली तरी बऱ्याच गाड्यांत तेच होतं. दिवा विझतो, यादी रिकामी होते, बिघाड मात्र जागच्या जागी राहतो. तो पुन्हा पकडायला गाडीच्या कॉम्प्युटरला वेळ लागतो, कारण बहुतेक दोषांमध्ये तो एकदा चूक दिसली म्हणून दिवा लावत नाही. पहिल्या फेरीत (गाडी सुरू करून, चालवून बंद करेपर्यंत) 'पेंडिंग' म्हणून नोंद करतो आणि पुढच्या फेरीत तीच चूक दिसली तरच कोड पक्का करून दिवा लावतो. तुम्ही गाडी बघता तो अर्धा-पाऊण तास नेमका याच मधल्या काळात पडतो.

मी यात फसलोय. गाडी स्वच्छ, इंजिनाचा आवाज छान, स्कॅनरवर एकही कोड नाही. गाडी घेतली. चौथ्या दिवशी हायवेवर दिवा लागला: पी०४२०, म्हणजे एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. तपासणीत कन्व्हर्टर खरंच संपलेला निघाला. मनाला लागलं ते वेगळंच. मला सावध करणारी माहिती पहिल्याच दिवशी त्याच ॲपमध्ये, कोडच्या शेजारच्या पानावर होती, आणि मी ते पान उघडलंच नव्हतं.

त्या पानाचं नाव रेडिनेस मॉनिटर. गाडी स्वतःच्या चाचण्या घेत असते: कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, सेन्सरचा हीटर, पेट्रोलच्या वाफेची गळती (ईव्हॅप), एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारी यंत्रणा (ईजीआर). डिझेल गाडीत यादी थोडी वेगळी असते. कोड पुसले की या सगळ्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात आणि प्रत्येकीपुढे 'अपूर्ण' असं येतं. मिसफायरसारख्या (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) सतत चालणाऱ्या चाचण्या लगेच 'पूर्ण' दिसू लागतात, म्हणून त्यांच्यावरून काहीच ठरवू नका. कन्व्हर्टर आणि ईव्हॅप या दोन ओळी बघा. कन्व्हर्टरच्या चाचणीला गरम इंजिन आणि एकसारख्या वेगाची धाव लागते. ईव्हॅपला थंड सुरुवात लागते, शिवाय टाकी जवळजवळ रिकामी किंवा काठोकाठ भरलेली चालत नाही. या चाचण्या गल्लीतल्या चकरेत पूर्ण होत नाहीत.

'लागू नाही' आणि 'अपूर्ण' यांत गल्लत करू नका. 'लागू नाही' म्हणजे त्या गाडीत ती चाचणीच नाही, त्यात संशयाचं काही नाही. एकटी ईव्हॅप अपूर्ण असेल तरी मी घाबरत नाही, ती मुळातच हट्टी चाचणी आहे. पण कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि ईव्हॅप तिन्ही अपूर्ण असतील, तर मेमरी नुकतीच पुसली आहे असंच मी धरतो.

खात्री करायला आणखी दोन आकडे आहेत. 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' आणि 'कोड पुसल्यापासूनचे वॉर्म-अप', म्हणजे तेव्हापासून थंड इंजिन किती वेळा गरम झालं. सगळ्या गाड्या ते देत नाहीत, पण बऱ्याच देतात. अंतर ६ किलोमीटर आणि वॉर्म-अप १ असेल, तर आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी कुणीतरी बटण दाबलंय. विकणाऱ्याला सरळ विचारा. 'नवी बॅटरी टाकली' हे खरंही असू शकतं. मग बॅटरी नवी आहे का ते बघा आणि जुन्या बॅटरीच्या बदलाची पावती मागा. पटलं तरी लगेच व्यवहार करू नका. 'आठवडाभर नेहमीसारखी चालवा, मी पुन्हा येतो' असं सांगा. ज्याची गाडी चांगली आहे तो यावर फारसा चिडत नाही, असा माझा अनुभव आहे.

काही नव्या गाड्यांत 'परमनंट कोड' नावाचं आणखी एक पान असतं. ते कोड स्कॅनरने पुसता येत नाहीत, बॅटरी काढूनही जात नाहीत. गाडीने ती चाचणी पुन्हा घेऊन पास केली तरच निघतात. नेहमीची यादी रिकामी आणि या पानावर कोड, असं दिसलं तर कोड पुसलेत यात शंकाच उरत नाही.

कोडची अक्षरं आणि आकडे

पहिलं अक्षर विभाग सांगतं. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टीअरिंगकडचं, बी म्हणजे एअरबॅग, एसी वगैरे बॉडीतलं, यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचा आपसातला संवाद. पुढचा आकडा ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान. १ असेल तर तो कंपनीचा स्वतःचा, आणि तिथे ॲपने दाखवलेला अर्थ धरून चालू नका. मेक आणि मॉडेलप्रमाणे शोधा. पी०३०० म्हणजे कुठल्याही सिलिंडरमध्ये होणारा मिसफायर, पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा. स्वस्तातले बहुतेक स्कॅनर फक्त इंजिन वाचतात, एबीएस आणि एअरबॅग त्यांना दिसतच नाहीत. यू चे कोड ढिगाने दिसले आणि सोबत पी०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी, असेल तर आधी बॅटरी आणि अर्थिंग तपासा.

कोड लक्षण सांगतो, सुटा भाग नाही

पी०१७१ घ्या. अर्थ एवढाच की मिश्रण पातळ आहे, हवा जास्त आणि इंधन कमी. ही बातमी ऑक्सिजन सेन्सरने दिली, म्हणून लोक ऑक्सिजन सेन्सरच बदलतात. फाटलेली व्हॅक्यूम नळी, आत येणारी हवा मोजणारा पण मळलेला एअरफ्लो सेन्सर, इंधनाचा थकलेला पंप, इंधनाचा चोंदलेला फिल्टर, सेन्सरच्या आधी फुटलेला एक्झॉस्ट, यांतलं काहीही असू शकतं.

ओळखायला फ्यूएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म या दोन्ही आकड्यांची बेरीज करा. शून्याच्या आसपास, अधिक-उणे ५ टक्के असेल तर उत्तम. १० च्या पुढे अधिक असेल, तर कॉम्प्युटर कुठली तरी कमतरता भरून काढतोय. आता रेस करून इंजिन २५०० आरपीएमवर धरा. माझ्या हाताखालून गेलेल्या एका गाडीत आयडलला, म्हणजे रेस न देता, बेरीज अधिक २२ होती, २५०० वर ती अधिक ५ वर उतरली. हा व्हॅक्यूम गळतीचा नमुना: आयडलला गळती मोठी वाटते, इंजिन भरपूर हवा ओढू लागलं की तेवढीच गळती किरकोळ ठरते. इनटेक मॅनिफोल्डच्या मागे रबरी नळीचा एक कोपरा उन्हातल्या चपलेसारखा कडक झाला होता. बोटाने दाबला की फुसफुस थांबायची आणि आयडलिंग सरळ व्हायचं. एक नळी बदलली, काम झालं. याच्या उलट, लोडवर, म्हणजे इंजिनावर ताण आल्यावर, बेरीज वाढत गेली तर पंप, फिल्टर किंवा एअरफ्लो सेन्सरकडे बघा.

पी०४२० बद्दलही हेच. बऱ्याच गाड्यांत कन्व्हर्टरच्या पुढचा (इंजिनाकडचा) ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये झपाझप वरखाली व्हायला हवा, मागचा बराचसा स्थिर. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टरची शंका खरी, पण त्याआधी एक्झॉस्ट कुठे गळत नाही ना ते बघा. मिसफायर असेल तर तो आधी काढा, नाहीतर नवा कन्व्हर्टरही जळेल. चालवताना दिवा लुकलुकत असेल तर कन्व्हर्टरचं नुकसान त्याच क्षणी होतंय असं समजा, चाचणी थांबवा आणि गाडी परत द्या.

शेवटी एक लांब फेरी मारा, हायवेसकट. परत आल्यावर इंजिन बंद न करता पुन्हा स्कॅन करा आणि पेंडिंगचं पान नक्की उघडा. कोड आला तर त्याचा फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड नोंदवला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, लोड आणि इंजिनाचं तापमान, यांचा फोटो काढून घ्या. तापमान कमी असेल तर दोष थंडपणी येतोय, वेग आणि लोड जास्त असेल तर ओढ घेताना. मेकॅनिकचं अर्धं काम तिथेच होतं. कोड पुसायचं बटण मात्र दाबू नका. त्यासोबत फ्रीझ फ्रेमही पुसला जातो.