कादंबरी चौथ्या प्रकरणाआधी सुरूच होत नसेल तर

लक्षण असे होते : गोव्यात फोंड्याजवळच्या गावात, 1967च्या जनमत कौलाच्या (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा केंद्रशासित प्रदेश ठेवायचा, यावरच्या मतदानाच्या) दिवसांत घडणारी माझी कादंबरी वाचणारा प्रत्येक जण ‘भाषा छान आहे’ म्हणून दुसऱ्या प्रकरणाशीच थांबत असे. वाक्ये छाटणे, प्रकरणांची अदलाबदल, आरंभीच एखादा खून (हा सल्ला हमखास मिळतो), कशानेही फरक पडेना, वैताग आला.

उपयोगी पडले ते असे. प्रथम मूळ फाइलची प्रत काढून ठेवली. नंतर पहिल्या तीन प्रकरणांतील प्रत्येक परिच्छेदावर पुढचा कोणता प्रसंग अवलंबून आहे, हे समासात लिहिले; जेथे काहीच लिहिता आले नाही, तो परिच्छेद न पुसता ‘कात्रणे’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये हलवला. मग पात्राला निर्णय घेणे भाग पडते त्या पहिल्या प्रसंगापासून, म्हणजे भाटकार (जमीनमालक) ‘दोन पानां’ना, वेगळ्या गोव्याच्या चिन्हाला, मत देण्यास बजावतो आणि मुंडकाराचा (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा) मुलगा ‘फुला’चा, विलीनीकरणाच्या चिन्हाचा, प्रचार करून घरी येतो तेथून, कादंबरी सुरू केली. कापलेली माहिती गरज भासेल तेथेच आणि कृतीतूनच परत आणली : भाटकार-मुंडकार संबंधांवरचे लांबलचक विवेचन गेले आणि त्याजागी, स्वतः लावलेल्या माडाचा नारळ काढण्याआधी भाटकाराच्या दारात ताटकळणारा मुंडकार एका वाक्यात आला.

शेवटी कापलेल्या भागातील प्रत्येक नाव उरलेल्या मजकुरात शोधले, कारण पहिल्या प्रकरणातली आजी गेली की आठव्यात जिच्या आठवणीने रडतात ती कोण, हे वाचकाला कळत नाही. हा शोध छाटणीआधी घेऊ नये; नावे सांभाळण्याच्या नादात परिच्छेदही राहून जातात.