टीव्ही घेण्याआधी टेप हातात घ्या

मिरजेच्या एका थिएटरात मी २३ वर्षं ऑपरेटर होतो. कार्बन जाळून चित्र टाकण्याचा काळ पाहिला, झेनॉनचा दिवा पाहिला, आणि शेवटी रिळांचे डबे यायचे बंद झाले तेही पाहिलं. आता ओळखीची माणसं घरच्या थिएटरसाठी सल्ला विचारतात. गेल्या दिवाळीत पुतण्याने नवा फ्लॅट घेतला आणि थेट दुकानातून फोन केला, "काका, ५५ इंची घेऊ की ६५? आणि हे डॉल्बी व्हिजन लागतंच का?" मी म्हटलं, "आधी दुकानातून बाहेर ये. सोफा कुठे ठेवणार ते सांग."

सुरुवात तिथूनच करायची. सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत टेप लावा. त्याच्या हॉलमध्ये हे अंतर ९ फूट निघालं, म्हणजे १०८ इंच. त्याला १.६ ने भागलं की साधारण ६७ येतात, म्हणून ६५ इंची. सिनेमा अगदी डोळे भरून हवा असेल तर १.२ ने भागा, मग आकडा ९० वर जातो. या दोन आकड्यांच्या मधलं काहीही चालतं. घरात बातम्या आणि मालिकाच जास्त चालत असतील तर खालच्या आकड्याजवळ राहा. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात. टीव्हीचा मध्य तिथे यायला हवा. बसवायला येणारी मुलं सवयीने वर टांगतात. भिंतीवर पेन्सिलने खूण तुम्हीच करून ठेवा. थिएटरात पहिल्या रांगेतली माणसं मध्यंतरात मान चोळत बाहेर येताना मी रोज बघत होतो.

मग उजेड. पुतण्याला प्रोजेक्टरही खुणावत होता, १०० इंची चित्र म्हणून. पण त्याच्या हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला. प्रोजेक्टर पडद्यावर काळा रंग टाकू शकत नाही, हे नीट समजून घ्या. प्रोजेक्टरचा दिवा बंद असताना पडदा जितका उजळ दिसतो, तितकाच उजळ तुमचा 'काळा' असणार. म्हणून तर आम्ही बाल्कनीच्या दाराला जाड पडदे लावायचो आणि कोणी दार उघडं ठेवलं की डोअरकीपरला हाक मारायचो. खोली पूर्ण अंधारी करता येत असेल तरच प्रोजेक्टर घ्या, आणि तेव्हाही खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर न जाता 'अ‍ॅन्सी ल्युमेन' (ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड) किती ते विचारा. दिवसा बघायचं असेल तर टीव्हीच.

आता फॉरमॅट. रिळाच्या डब्यात जे आलं तेच पडद्यावर पडायचं. मशीन कितीही चांगलं असलं तरी घासलेली प्रिंट नवी व्हायची नाही. इथेही तसंच. डीव्हीडीच्या एका चित्रात ७२० बाय ५७६ ठिपके, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार. फुल एचडीत सुमारे २१ लाख, ४के-मध्ये सुमारे ८३ लाख. पण ९ फुटांवरून ४३ इंची टीव्ही बघणाऱ्याला फुल एचडी आणि ४के यांतला फरक डोळ्यांना कळत नाही. ६५ इंचीवर थोडा कळतो. डोळ्यात भरणारा फरक पडतो तो एचडीआरने, म्हणजे दिव्याची ज्योत खरंच झळाळते आणि शेजारचा अंधार अंधारच राहतो, त्याने.

इथेच नवखा माणूस फसतो. खोक्यावर एचडीआर लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ कधी कधी एवढाच असतो की टीव्हीला तो सिग्नल वाचता येतो. चित्रपट बहुधा १००० निट (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं माप) उजेड धरून तयार केलेले असतात आणि स्वस्त टीव्ही ३०० निटच्या आसपास थांबतो. म्हणून दुकानात दोन गोष्टी विचारा: उजेड किती निट, आणि लोकल डिमिंग, म्हणजे चित्राच्या अंधाऱ्या भागामागचे दिवे तेवढे मंद करण्याची सोय, आहे का. ओलेड पॅनेलमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि विझतो, त्यामुळे काळा खरा काळा. रात्री बघणाऱ्यांनी तेच घ्यावं. उन्हाच्या हॉलला लोकल डिमिंगवाला उजळ एलईडी बरा. पुतण्याने तोच घेतला.

एचडीआरचेही प्रकार आहेत. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर टेन प्लस प्रसंगागणिक उजेडाची माहिती पाठवतात, साधं एचडीआर टेन अख्ख्या चित्रपटाला एकदाच. सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन मिळत नाही. पण त्यासाठी झोप उडवू नका. पॅनेल चांगलं असेल तर एचडीआर टेनही सुंदर दिसतं, आणि पॅनेल सुमार असेल तर कुठलाच शिक्का त्याला वाचवत नाही.

चित्र येणार कुठून? मराठी चित्रपट घरी बघायचा तर बहुतेक वेळा ओटीटीच. ४के हवं असेल तर तुमच्या प्लॅनमध्ये ते आहे का बघा, अनेक ठिकाणी ते फक्त महागड्या प्लॅनमध्ये असतं. ओटीटीचं ४के साधारण १५ ते २५ एमबीपीएसवर येतं, म्हणजे सेकंदाला तितकी मेगाबिट माहिती. ४के ब्लू-रे डिस्क १०० च्याही पुढे जाऊ शकते. धुकं, धूर, रात्रीचं आकाश अशा दृश्यांत हा फरक दिसतो, ओटीटीवर तिथे पट्टे उमटतात. जीव ओतून सिनेमा बघणाऱ्याने एक प्लेअर जरूर घ्यावा. परदेशातून कोणी डिस्क आणणार असेल तर हे लक्षात ठेवा: साध्या ब्लू-रेत भारत 'सी' विभागात आणि अमेरिका 'ए' विभागात, त्यामुळे तिकडची डिस्क इथल्या प्लेअरवर अडू शकते. ४के डिस्कला विभागाचं बंधन नाही.

प्लेअर टीव्हीला जोडणाऱ्या केबलचं थोडक्यात: १८ जीबीपीएसची एचडीएमआय केबल पुरते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती केबल घातलेल्या पोर्टचा 'एनहान्स्ड' पर्याय मात्र चालू करा, नाहीतर पूर्ण एचडीआर येतच नाही.

आवाजासाठी पैसे राखून ठेवा. माझ्या हिशेबाने शंभरातले तीस तरी. थिएटरात पडद्याला बारीक भोकं असतात, कारण मुख्य स्पीकर पडद्यामागे असतो आणि संवाद माणसाच्या तोंडातून आल्यासारखा वाटावा लागतो. घरी ते काम मधला स्पीकर करतो. म्हणून साउंडबार घेताना ३.१ किंवा त्याच्या वरचा घ्या, २.१ मध्ये मधला स्पीकर नसतो. (पहिला आकडा समोरच्या स्पीकरचा, '.१' म्हणजे घुमणाऱ्या आवाजाचा सबवूफर.) साउंडबारची तार टीव्हीच्या ज्या पोर्टवर 'ईआर्क' किंवा 'आर्क' लिहिलंय त्यातच घाला, टीव्हीचा आवाज बारकडे तिथूनच जातो. डिस्कवरचा पूर्ण अ‍ॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही येणारा डॉल्बीचा आवाज, ऐकायचा तर ईआर्कच लागतं. फरशीवर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा घातला की निम्मा घुमारा जातो.

टीव्ही लागला की पहिल्याच दिवशी 'व्हिव्हिड' मोड बदलून 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा. चित्र पहिल्यांदा पिवळट वाटेल, आठवडाभर थांबा. आणि हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग, ज्याच्या नावात बहुधा 'मोशन' असतं, ते बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही दोन चित्रांच्या मधली चित्रं स्वतः बनवून भरतो तेव्हा उत्तम चित्रपटही मालिकेसारखा दिसतो. क्रिकेटला हवं तर चालू ठेवा.

लग्नाच्या जुन्या कॅसेटवरून केलेल्या फाइल ४:३ मापाच्या असतात. त्या ताणू नका, दोन्ही बाजूंना काळं राहू द्या. आमच्या लग्नाची कॅसेट पुतण्याकडे लावली तेव्हा सगळे वऱ्हाडी रुंद झाले होते. माप बदललं आणि माझी आई होती तशी दिसली.

सिनेमास्कोप, म्हणजे टीव्हीपेक्षा जास्त रुंद मापाच्या, चित्रपटात काळे पट्टे वर-खाली येतात. पुतण्याने पहिल्याच रात्री झूमसाठी रिमोट उचलला. मी तो काढून घेतला आणि हॉलमधला दिवा बंद केला. पाच मिनिटांत पट्टे अंधारात मिसळून गेले.