रब्बीसाठी मैलागाळ: ट्रॉली भरण्याआधी अहवाल बघा

सोयाबीन, उडीद निघून रान मोकळं झालं की पुणे, नाशिक, नागपूरच्या आसपासच्या गावांत मैलापाणी शुद्धीकरण केंद्राच्या गाळाची चौकशी सुरू होते. शेणखत महागलंय आणि हा गाळ स्वस्तात, कधी फुकटही मिळतो. सोनखताची, म्हणजे माणसाच्या मैल्याच्या खताची, ताकद जुन्या माणसांना ठाऊक होतीच. पण त्या सोनखतात कारखान्यांचं पाणी मिसळलेलं नव्हतं. म्हणून आधी त्या गाळाचा तपासणी अहवाल मागा. अहवाल नसेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. कॅडमियम, शिसं एकदा मातीत गेलं की बाहेर काढता येत नाही.

खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी ज्या मर्यादा आहेत, तीच पट्टी गाळाला लावा. किलोमागे कॅडमियम ५, शिसं १००, निकेल ५०, क्रोमियम ५०, तांबं ३०० आणि जस्त १००० मिलिग्रॅम, याच्यावर नको. चुनखडीच्या काळ्या रानात धातू बांधले जातात. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत मात्र कॅडमियम पिकात लवकर उतरतो, तिथं भातखाचरात गाळ न टाकलेलाच बरा.

गाळाच्या ढिगाजवळ जाऊन नीट बघा. त्यावर टोमॅटोची रोपं उगवलेली दिसली, तर तो गाळ नुसता वाळवलाय, तापलेला नाही. ज्या उष्णतेत टोमॅटोचं बी मरत नाही, तिथं जंतांची अंडीही जगू शकतात. असा गाळ थेट रानात न्यायचा नाही. सोयाबीनचं भुसकट मिसळून ढीग लावा. आत ५५ अंशांच्या वर उष्णता किमान १५ दिवस टिकली पाहिजे आणि तेवढ्यात ढीग पाच वेळा उलटला पाहिजे. अहमदाबादला २०१९ पासून वाळलेला गाळ गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. आपल्याकडं तूर्त कंपोस्टच करावं लागेल.

आता मात्रा. इथं बहुतेकांचं गणित चुकतं, कारण ते ट्रॉल्या मोजतात. समजा एकरी ४ टन गाळ टाकला आणि त्यात निम्मं पाणी आहे. कोरडा गाळ उरला २ टन. अहवालात नत्र २ टक्के असेल तर ४० किलो नत्र झालं, पण पहिल्या हंगामात त्यातलं साधारण ३० टक्के, म्हणजे १२ किलोच पिकाला मिळेल. बागायती गव्हाला एकरी ४८ किलो नत्र लागतं, म्हणजे युरिया फक्त २६ किलोनं कमी करा. पालाश पाण्याबरोबर निघून गेलेला असतो, तो पूर्ण द्या. स्फुरद मात्र साठत जातो, म्हणून त्याच रानात दर वर्षी गाळ टाकू नका. तीन वर्षांतून एकदा पुरे, तोही माती तपासून.

परतीचा पाऊस थांबून वाफसा आला की गाळ पसरा आणि त्याच दिवशी कुळवानं किंवा रोटाव्हेटरनं वीतभर मातीत मिसळा. उघडा राहिला तर नत्र उडतं, माश्या घोंगावतात. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी पेरणी. विहीर, बोअर, ओढ्यापासून ५० मीटर अंतर ठेवा. काम करताना हातमोजे आणि गमबूट घाला, जेवण्याआधी साबणानं हात धुवा.

गहू, ज्वारी, मका यांना चालेल. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर, कांदा त्या रानात निदान दीड वर्ष नको. गाळ टाकल्यावर महिनाभर गुरं चरायला सोडू नका, बांधावरचं गवतही कापून आणू नका.